डोंगराकडे तोंड

२६ फेब्रुवारी १९७३

जगदेव गुरुजी म्हणाले, "भागिरथाबाई, रात्रीच्या वर्गात शिकलेलं अक्षर वापरलं नाही तर गंजते. रोज चार ओळी लिहा." रोज कायले लिहू? रोज खडीच फोडतो. गोटा, हातोडा, गोटा. काही झालं तरच लिहीन, नाही तर वही कोरी बरी.

आज झालं. बाजारात रामधन सायकलवाला फाटक्या कादंबऱ्या पोत्यावर मांडून बसते, भाड्यानं देते. मी विचारलं, काही धर्माचं आहे काय? म्हणे, "मावशी, धर्माचं पुस्तक कोनी नेत नाही, अन् हे नेलं का कोनी परत देत नाही." 'सुळ्यांचा डोंगर' असं नाव. वरच्या चित्रात पांढरा लांडगा, जिभेवरून रक्त गळून राह्यलं. खाली एक बाई पडलेली, तिचं लुगडं सुटलेलं. लांडग्यापेक्षा त्या बाईलेच जास्त रंग लावला.

आमचं काम आसेगावच्या पुढं, रस्त्याचं. दुष्काळी काम. एका अंगाले डोंगर, दुसऱ्या अंगाले नाला, मधात आमी बाया खडीचे ढीग लावून बसलेल्या. दुपारच्या भाकरीच्या वक्ताले पळसाखाली पुस्तक काढलं. पहिल्याच पानावर लांडगा एका गुराख्याले नेते. मी चाचपडत वाचत होती, जोडाक्षर आलं का थांबत होती. वर पाह्यलं तं लिलाबाईचा घास हातातच. लिलाबाई माझी जाऊ, खाताना कधी थांबत नाही.

"मंग?" म्हणे.

"मंग काय, नेला."

"पुरा नेला?"

"पाय राह्यला म्हणते."

"व माय," म्हणे, अन् मंग घास खाल्ला.

३ मार्च

बायायनं परस्पर ठरवून टाकलं. भागिरथा वाचीन, बाकीच्या तिच्या ढिगावर एकेक टोपलं टाकतीन. मले कोनी विचारलंबी नाही. मी नाही म्हटलं नाही. माझी बोटं फुटली होती.

उकंडराव मुकादम आला ओरडत. "हे काय, शाळा मांडली काय वं?" मी म्हटलं, "ढीग पाहा. कमी असला तर बोला." ढीग कमी नव्हता. तो जराक उभा राह्यला, मंग टेकला, मंग विडी पेटवली. जाताना विचारते, "उद्या किती वाजता हाये पोथी?" मी म्हटलं, "पोथी नाही, कादंबरी आहे. पोथ्या आमी सोडल्या." म्हणे, "बरं बरं, कादंबरी." तरी आता सगळे पोथीच म्हणतात.

लिहिणाऱ्या माणसाले अक्कल नाही. नायिकेचे गाल लाल झाले यात दोन पानं घातली. मी ते गाळतो. बंगल्याच्या भोवताल लांडगे फिरून राह्यले, अन् ते लोक चहा पिऊन राह्यले, पियानो का काय ते वाजवून राह्यले. निघून जा ना तिथून! नाही जात. बायाईले हे सांगितलं तं पंचफुला, माझी सून, म्हणते, "आत्याबाई, निघून गेले तर आपण काय ऐकावं?"

तिची सुजाता वर्षाची झाली आता. आमच्या घरात तेवढं एकच लेकरू. देवमन अकोल्याले तेलाच्या गिरणीत लागला तेव्हा जाताना म्हणे, माय, माझ्या पोट्टीले संभाळजो. मी म्हटलं, तू तुझी गिरणी संभाळ. असं म्हटलं, पण मी हातोडा मारतानाबी एक डोळा तिच्या झोळीवर ठेवतो.

९ मार्च

तुळसाबाईचा ढीग सरकला.

लिहिण्यासारखीच गोष्ट आहे. तुळसाबाई म्हणजे गावातली वावरवाली बाई. यंदा विहीर आटली तं तिलेबी आमच्याबरोबर गोटे फोडावं लागते. पहिल्या दिवसापासून ती लांब रस्त्याच्या कडेले बसे, पाठ करून. तिची कस्तुरा, दीड वर्षाची पोट्टी, तिची झोळीबी वेगळ्या झाडाले. पाण्याचं मडकं वेगळं. आता पाच-सहा दिवसांत पाहतो तं ती थोडी थोडी सरकत सरकत अशी आली का माझं वाचलेलं तिले ऐकू यावं. आज मी मुद्दाम आवाज लहान केला. बाई लगेच हातभर पुढं.

लिलाबाई म्हणे, "ये ना तुळसाबाई, जवळ ये. लांडगा चावत नाही, कागदाचा हाये."

तुळसाबाई म्हणे, "मी कुठं ऐकून राह्यली? माझा गोटा इकडे उडाला."

आमी बम हसलो. तीबी हसली, पदर तोंडाले लावून.

मंग आपसूक बोलली. तिचा पांढरा बैल गेला मागच्या आठवड्यात. कडबा नाही, ढेप नाही. उभ्या उभ्या बसला अन् उठला नाही. घरच्या माणसानं गाडीत घालून नाल्यात टाकला. सगळेच तिथं टाकतात. पहिले आमच्या बौद्धवाड्यातले लोक मेलेलं ढोर ओढत, सोलत. छप्पनच्या दीक्षेपासून बंद केलं. आता ज्याचं ढोर त्यानं पाहावं. ते काय पाहतात? नाल्यात लोटतात अन् नाक दाबून घरी जातात. पुरत कोनी नाही. हात लावल्यानं बाटतीन ना.

तुळसाबाई म्हणे, "त्या लांडग्याले शेवटी मारतात का वं? हालहाल करून मारतात का?"

मी म्हटलं, "ऐकशीन तं कळीन."

१२ मार्च

रेशनवर पुन्हा बाहेरदेशची मिलो ज्वारीच आली. लाल, कडू. भाकर थापता थापता तुटते. आमचा लाल्या कुत्रा तिले तोंड लावत नाही. पहिले बरगड्या मोजून घ्याव्या असा होता, आता कसा चकाकून राह्यला. इंद्रभान, माझा नवरा, म्हणे, माणसं वाळली अन् कुत्रा सुटला. मी म्हटलं, घरात एक तरी दिसाले बरा आहे. तो दिवसभर नाल्याकडेच असते.

१९ मार्च

पुस्तक संपलं.

म्हणजे माझं संपलं. घरी बसून पुढची पानं वाचून घेतली. साहेब लांडग्याले गोळी घालते अन् नायिकेचा हात धरते. बस. मले एकदम हातोडा आठवला. उद्या संपलं तं परवा माझा ढीग मलेच लावा लागीन.

म्हणून आज मी लांडग्याले मरू दिलं नाही. पुस्तक समोर उघडं धरलं, पान उलटत राह्यली, अन् म्हटलं, गोळी लागली पण पायाले लागली. लंगडत लंगडत तो डोंगर उतरला अन् दुसऱ्या मुलखात गेला. तिथं पाऊस नव्हता. तिथं बाया रस्त्याचं काम करत होत्या.

"व माय!" लिलाबाई. "आपल्यावानीच."

"अन् झाडाले पोराईच्या झोळ्या टांगल्या होत्या," मी म्हटलं.

सगळ्यायच्या माना डोंगराकडे वळल्या. मले काय ठाऊक होतं मले असं येते. जोडाक्षरबी नाही अडत. खोटं नाही म्हणता येत. थोडं वाढवलं. तो लिहिणाराबी कुठं लांडग्यासंग राह्यला असन?

२५ मार्च

रामधनकडे गेली होती. दुसरं पुस्तक दाखवते, त्यात रानडुकरं माणसं खातात. मी म्हटलं, "रानडुक्कर आमची तूर खाते, माणूस कायले खाईन?" मंग उंदराईचं दाखवलं, एका शहराले उंदीर खाऊन टाकतात. मंग मगरीचं. सगळ्या चित्रात एक बाई पडलेलीच. म्हणे, "मावशी, दुष्काळात हेच खपून राह्यले. देवाधर्माचे पडून हायेत, प्रेमाचे पडून हायेत." मी म्हटलं, काहून? म्हणे, "मी काय सांगू, मी तं सायकलचं पंक्चर काढतो."

घरी येताना त्याचाच विचार केला. पोटात मिलो, डोक्यावर ऊन, अन् आमाले पाहिजे काय, तं लांडगा माणसाले कसा फाडते ते. वाईट आहोत का आमी? मले तसं वाटत नाही. दुष्काळाले तोंड नाही. त्याले गोटा कुठं मारशीन? आभाळाले मारला तं आपल्याच डोक्यावर येते. लांडग्याले तोंड आहे, दात आहेत. तो येते, नेते, अन् एक दिवस मरते. तुळसाबाई बैलासाठी रडली नाही. पण पुस्तकातला गुराखी मेला तेव्हा रडली. अन् लिलाबाई उलटी, लांडग्याचीच बाजू घेते. "त्याच्या पोटात भूक असन ना वं," म्हणते. तिले भूक सगळीकडे दिसते.

मले काय आवडते? मले त्याईचे तोंडं आवडतात. मी थांबली का दहा बाया श्वास धरून बसतात. आयुष्यात माझ्या तोंडाकडे असं कोनी पाह्यलं नाही.

२ एप्रिल

आज मी एक चांगलं काम केलं.

पोराईच्या झोळ्या डोंगराच्या बाजूले, मोठ्या बाभळीले होत्या. सावली तिथं बरी. पण दोन दिवसांपासून बाया सारख्या तिकडे पाहतात. एक म्हणे पायाचे ठसे दिसले. एक म्हणे संध्याकाळी काहीतरी पांढरं हललं. शेळी असन. पण नसलीच तर? या डोंगरात लांडगे आहेत, हे काही पुस्तकातलं नाही. मलेबी धाक पडला. आपणच सांगितलेल्या गोष्टीचा धाक पडते, हे नवीनच.

मी म्हटलं, झोळ्या नाल्याच्या काठावरच्या झाडाईले न्या. डोंगर तिथून लांब पडते. लिलाबाईनं नाक मुरडलं, "वास येते तिथं." मी म्हटलं, "वासानं कोनी मेलं नाही. अन् आता चाऱ्याची छावणी उघडली, ढोरं तिकडे गेली, नाल्यात नवीन पडतच नाही. वासबी जाईन."

सगळ्यायनं नेल्या. तुळसाबाई उभी. तिची झोळी रस्त्याच्या कडेले, डोंगराकडच्या झाडाले, एकटी.

"काहून वं, तुले लांडगा पाव्हणा वाटते काय?"

"तसं नाही. घरचे काय म्हणतीन. तुमच्या झोयीपाशी आमची झोयी..."

"लांडगा जात विचारून खाते काय?"

तुळसाबाई भाकर खाऊन झाल्यावर उठली अन् कस्तुराची झोळी सोडून नाल्याकाठी आणली. आमच्या सुजाताच्या झोळीपासून हातभर अंतर ठेवलं, पण आणली. जगदेव गुरुजी वर्गात एवढं बोलतात समतेचं. मी लांडग्याकडून करवून घेतलं.

पोराईजवळ गोमतीबाई बसते. तांड्यावरची म्हातारी, आमी तिले त्याईच्या बोलीत याडी, म्हणजे माय, म्हणतो, गोटे फुटत नाहीत म्हणून झोळ्या हलवाले ठेवली. तिले मी बजावून सांगितलं, "याडी, तोंड डोंगराकडे ठेवजो. काही उतरताना दिसलं का बोंब मार." तिनं लगेच पाठ नाल्याकडे केली अन् डोंगराकडे तोंड करून बसली. शहाणी बाई आहे.

७ एप्रिल

कुत्र्यायचा त्रास वाढला. भांडतात सारखे. परवा एकाले बाकीच्यायनं फाडून टाकलं. लिलाबाई म्हणे, उन्हानं तापले. आमचा लाल्या आता घरी येते, भाकर टाकली तं हुंगते, अन् हात पुढं केला तं गुरगुरते. इतक्या दिवसांची ओळख! मी लाथ घातली.

दोन-चार दिवसांत लांडगा झोळीपर्यंत आणायचा आहे. उकंडरावबी म्हणाला, लय दिवस लांबवला, आता आणा.

११ एप्रिल

आवाज झाला असन. आमी ऐकला नाही. मी वाचत होती.

सगळ्यायची तोंडं डोंगराकडे. गोमतीबाईचंबी. सुजाता रडत होती म्हणून पंचफुला तिले घेऊन आमच्यातच येऊन पाजत बसली होती. मी म्हटलं, लांडगा दबकत दबकत आला. तेवढ्यात पंचफुला उठली, अन् तिनं नाल्याकडे बोट केलं. मी वळली.

झोळीचं फडकं नाल्यात ओढलेलं. कुत्रे होते. सगळे ओळखीचे. पाटलाचा काळा, दुकानवाल्याचा बांडा. लाल्या होता त्यात.

मी हातोडा घेऊन धावली. तुळसाबाई माझ्या पुढं होती. चप्पल नाही, काही नाही. कुत्रे पळाले, पण लांब नाही पळाले.

कस्तुरा.

पुढचं लिहीत नाही.

१३ एप्रिल

लांडगा, लांडगा, असं पहिले लिलाबाईच ओरडली. तिनं काहीच पाह्यलं नव्हतं. तिचं तोंड डोंगराकडे होतं. पण ओरडली तं सगळ्याच ओरडल्या, अन् रस्त्याच्या त्या टोकाकडून माणसं धावत आली तोवर लांडगा होऊन गेला होता. पांढरा होता म्हणे. लंगडत होता म्हणे. उकंडरावानंबी पाह्यला म्हणे, तो तेव्हा गावात होता.

काल गावातल्या माणसायनं डोंगर हाकला. आज एक लांडगी आणली, बल्लीले पाय बांधून. पांढरी नाही, मातकट. नुसती हाडं. थानाले दूध दिसत होतं, म्हणजे पिलं असतीन कुठंतरी. कामावर आणून टाकली. बायायनं तिले गोटे मारले, जोडे मारले. मेलेलीच होती. लिलाबाईनंबी मारला. लांडगीची भूक आज तिले आठवली नाही.

मीबी एक मारला. खोटं कायले लिहू? मारताना बरं वाटलं. छातीतलं काहीतरी सुटलं. पुस्तकासारखंच झालं सगळं.

तुळसाबाई आली नव्हती.

अन् ते कुत्रे नाल्याच्या त्या काठावर झोपले होते. त्याईच्याकडे कोनी पाहत नव्हतं.

झोळ्या हलवा असं मीच म्हटलं होतं. पण डोंगराकडे राह्यल्या असत्या तरी कुत्रे तिकडे गेले असते. गेले असतेच. भूक लागल्यावर नाला अन् डोंगर काय!

१४ एप्रिल

जयंती. दुष्काळ म्हणून यंदा मिरवणूक लहान. बुंदीच्या जागी गूळ वाटला. जगदेव गुरुजी बोलले. मी एक शब्द ऐकला नाही.

घरी आल्यावर इंद्रभानले सांगितलं, लांडगा नव्हता. त्यानं उठून दार लोटून घेतलं. मंग म्हणे, "आणखी कोनाले सांगितलं?"

"कोनाले नाही. पंचफुलानं पाह्यलं आहे."

"तिले सांग, पाह्यलं नाही म्हणून."

मी म्हटलं, "काहून?" अन् विचारतानाच मले कळत होतं.

म्हणे, "कुत्रे म्हणशीन तं उद्या गाव काय म्हणीन? कुत्रे मांसाले कोनामुळे सवकले? नाल्यात ढोरं कोनामुळे सडली? महाराईनं पहिल्यासारखी ओढली असती तं पोट्टी वाचली असती. असं म्हणतीन का नाही?"

म्हणतीन. मले उकंडरावाचा आवाजच ऐकू आला.

इंद्रभाननं त्याचा डावा हात पुढं केला. तो कोपरात सरळ होत नाही. ढोर ओढाले नाही म्हटलं तेव्हा गावातल्या लोकायनं मोडला होता. विहिरीवर चढू दिलं नव्हतं आमाले, त्या वक्ती देवमन चार वर्षाचा होता अन् मी नाल्यातला झिरा खरडून पाणी आणत होती. तो म्हणे, "एक लांडगी मेली. मेली तं मेली. तिचं कोनी नाही गावात. आपलं तोंड बंद ठेव."

त्याचं खोटं नाही. कुठंच खोटं नाही. तरी जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल

सकाळी मी चूल पेटवत होती. मागं पाह्यलं तं दारात लाल्या बसलेला. सुजाता रांगत रांगत त्याच्याकडे चालली होती, हात पुढं करून. "लाला, लाला," म्हणते, तिले नवीन शब्द आला. लाल्या हलला नाही. शेपटी हलली नाही. तिच्याकडे पाहत होता नुसता.

मी जळतं लाकूडच फेकलं. सुजाता भेली अन् रडली. पंचफुलानं उचलली. तेव्हापासून पोट्टीले पाठीवर बांधूनच फिरते. बांधूनच खडी फोडते. हातोडा वर गेला का पोट्टीचं डोकं हलते. मी म्हटलं, झोळीत टाक, आता मी बसतो तिच्यापाशी. तिनं माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणे, "नको आत्याबाई." एवढंच. सासूले असं कोनी पाहते काय?

इंद्रभान लाल्याच्या गळ्यात दोरी टाकून बाहेर घेऊन गेला. एकटाच परत आला. एक कुत्रा गेला. बाकीचे आहेतच. अन् प्रत्येकाच्या दारात एखादं लेकरू रांगते.

१९ एप्रिल

आज तुळसाबाई कामावर आली. घरी बसून कोनाले परवडते? येऊन आमच्यातच बसली, मधात. तोंड वाळलेलं. बाया तिले म्हणत होत्या, मेला मुडदा लांडगा, सूड झाला. ती मान हलवत होती.

भाकरीच्या वक्ताले लिलाबाई म्हणे, "भागिरथे, तेवढं शेवटचं वाच ना. लांडगा मरते ते. तिच्या जिवाले बरं वाटीन."

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. उकंडरावबी टेकला होता. तसंच, श्वास धरून.

मी पुस्तक काढलंच नाही. म्हटलं, "लांडगा नव्हता. कुत्रे होते. गावातले. माझा होता त्यात, मी डोळ्यानं पाह्यला."

लिलाबाई म्हणे, "येडी झाली काय वं?"

"अन् लांडगा कधीचाच मेला पुस्तकात. मीच जिवंत ठेवला. झोळ्या नाल्याकडे नेल्या त्याबी मीच."

उकंडराव उठला. मले वाटलं होतं तेच बोलला, शब्दाले शब्द. "मंग तुमच्या लोकायनं ढोरं उचलली असती तं ही पाळी आली असती काय? धर्म बदलला तुमी अन् लेकरू गेलं तिचं!"

मी म्हटलं, "ढोर कोनाचं? दूध कोन प्यालं? नांगर कोनाच्या वावरात चालला? जितं होतं तवर तुमचं अन् मेलं का आमचं?"

तो हातोडा उचलाले वाकला. खरंच मारत होता का धाक दाखवत होता, ठाऊक नाही. तेवढ्यात तुळसाबाई बोलली. इतक्या लहान आवाजात का सगळे चूप झाले.

"मले ठाऊक होतं," म्हणे. "मीच धुतलं तिले. आमच्या वाड्यात कुत्रं चावलेलं वासरू मी पाह्यलं हाये. ते दात मले समजतात."

"मंग बोलली काहून नाही?" मी.

"काय बोलू? नाल्यात आमचाबी बैल पडला. मी घरी म्हटलं होतं, पुरा. म्हणे, आपण हात लावावा काय? लोक हसतीन." मंग माझ्याकडे पाह्यलं. "अन् तू वाचत होती. मी ऐकत होती. मलेच तो लांडगा पाहिजे होता, माय."

तिनं मले शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

दुपारनंतर नुसते हातोडे. माझ्या ढिगावर कोनी टोपलं टाकलं नाही.

२० एप्रिल

इंद्रभान माझ्याशी बोलत नाही. बौद्धवाड्यातली माणसं त्याले विचारून गेली, तुझ्या बायकोले कोनी सांगितलं होतं?

कामावर जाताना पाह्यलं, तुळसाबाई नाल्यात उतरली होती. एकटी. हातात कासरा. तिच्या बैलाचं जे उरलं होतं त्याच्या शिंगाले कासरा बांधून ओढत होती. बैल अर्धा वाळूत रुतलेला. ओढे, थांबे, ओकारी काढे, पुन्हा ओढे. वरून रस्त्यानं तिच्याच भावकीतला एक माणूस गेला. त्यानं तोंड फिरवलं.

मी काठावर उभी. इंद्रभानचा तो हात दिसत होता मले. इतकी वर्षं आमी ज्याले शिवलो नाही, त्यापायी मार खाल्ला, उपाशी राह्यलो, ते मी आज माझ्या हातानं करू?

मंग वर गेली, मुकादमाच्या हत्याराईच्या ढिगातून टिकास अन् फावडं उचललं. उकंडराव म्हणे, "हजेरी लागणार नाही." मी म्हटलं, "नका लावू."

नाल्यात उतरली. तुळसाबाईले म्हटलं, "खड्डा मी खांदतो. ढोराले हात नाही लावत."

"नको लावू," म्हणे. "माह्यं हाये."

जमीन लोखंडासारखी. टिकास मारला का आगीची ठिणगी. मी खांदत राह्यली, ती ओढत राह्यली. एकदा ती पडली तं मी हात देऊन उठवली. तिचे हात भरलेले होते, माझे मातीचे. एकदा मी विचारलं, "पाणी?" ती माझ्याच लोट्यातून प्याली.

पंचफुला काठावर आली, पाठीवर पोट्टी. खाली उतरली नाही. मी तिले म्हटलं, जा, तुझं काम पाहा. ती गेली नाही. आमच्याकडे पाठ करून समोरच्या काठाकडे पाहत उभी राह्यली, दोन्ही हातात गोटे घेऊन.

दिवसभरात एकच बैल बुजला. नाल्यात अजून लय आहेत. त्याईचे मालक गावात आहेत. कोनी आलं नाही. कुत्रे आले, अन् त्या काठावर रांगेनं बसले.